पेठेचे जोडफोटो

माझ्या बायकोला जोडफोटो बघितला की चक्कर यायची. लग्न झाल्यावर मी हौसेनं तिच्या डोळ्याला डबा लावला, आत धारूरच्या किल्ल्याचा बुरूज होता. तिनं "अगं बाई, पडतेय मी!" म्हणून माझा दंड धरला आणि त्यानंतर पस्तीस वर्षं त्या डब्याकडं ढुंकून बघितलं नाही. "तुमचं तुमी बघा, मला भोवळ आणून काय मिळतंय तुमाला?" हे तिचं ठरलेलं वाक्य. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं त्या चकरेवरच येऊन ठेपलं.

जोडफोटो म्हणजे काही जादू नाही. आपले दोन डोळे अडीच इंचांवर बसवलेले आहेत. डावा एक बघतो, उजवा थोडं वेगळं बघतो, दोन्ही डोक्यात एक झाले की कळतं हे जवळ आहे, ते लांब आहे. कॅमेऱ्याला डोळा एकच, म्हणून त्याचा फोटो सपाट. तर एक फोटो काढायचा, कॅमेरा अडीच इंच उजवीकडं सरकवायचा, दुसरा काढायचा. दोन्ही पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायचे आणि दोन भिंगांच्या डब्यातून बघायचे. झालं. मग माणूस त्या जागेत जाऊन उभा राहतो. हात पुढं करतो आणि हाताला काही लागत नाही म्हणून येड्यासारखा हसतो.

हा नाद मला उस्तादांनी लावला. आमच्या गावाच्या जुन्या पेठेत माझा फोटो स्टुडिओ आणि समोर त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, खोपा! तीन दगडी पायऱ्या, आत एक स्टूल, एक काचेची पेटी आणि तिन्ही भिंतींवर घड्याळं. एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळायची नाही. मी विचारलं की म्हणायचे, "गिऱ्हाइकाची घड्याळं हायत बे, जुळतील कशी? ज्याचा त्याचा टाइम." वयानं माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो, ते मला बे म्हणायचे.

एकदा भंगारवाल्याकडून त्यांनी बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घेतलं, त्याच्याबरोबर लाकडी दांड्याचा एक जुना डबा आला. आत कुठल्या तरी परमुलखातल्या पुलाचा जोडफोटो. मी डोळ्याला लावला आणि बोंबललोच, "उस्ताद, पूल बाहेर आलाय!" ते स्टुलावरून उठले, माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "सांग. काय काय दिसतंय, नीट सांग." मी सांगत गेलो, पुढचा खांब, मागचा खांब, खालचं पाणी, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. मला तेव्हा वाटलं, काय रसिक माणूस आहे.

मग आम्ही दोघं त्यात पडलो. त्यांनी पितळेची पट्टी घासून कॅमेऱ्याखाली बसवली, खटकन अडीच इंच सरकणारी. स्वतःची दोन भिंगं घालून सागवानी डबा केला. सुट्टीच्या दिवशी आम्ही माझ्या लुनावरून हिंडायचो. कपिलधारचा धबधबा काढला, तो पार फसला, कारण दोन फोटोंच्या मध्ये पाणी थोडंच थांबतंय? डब्यात ते डोळ्याला टोचायचं. सिरसाळ्याच्या बाजारातला मोठा कडुलिंब काढला, तो पुढं तोडला. धारूरच्या त्या बुरजाचं डोकं पुढं एका पावसाळ्यात ढासळलं, आमच्या डब्यात मात्र ते शाबूत आहे. जागा जायच्या आणि आमच्याकडं राहायच्या. याचा मला माज होता. उगाच कशाला खोटं बोलू, होताच.

पुठ्ठे तयार झाले की मी आधी बघायचो, मग उस्ताद. डबा डोळ्याला लावून ते बराच वेळ गप्प बसायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय." त्यांनी बराबर म्हटल्याशिवाय मी पुठ्ठ्यामागं खूण करत नव्हतो.

आता दोन वर्षांमागची गोष्ट. एके सकाळी पेठेतल्या भिंतींवर लाल रंगाचे आकडे पडले. रस्ता रुंद होणार. माझा स्टुडिओ वाचला, पुढची पडवी तेवढी जाणार होती. समोरची अख्खी ओळ मात्र साफ. कासाराचं दुकान, कल्हईवाला, अत्तरवाले आणि उस्ताद. लोक आधी शिव्या देत हिंडले, मग निवेदनं देत हिंडले, मग गुमान सामान हलवायला लागले. उस्ताद कुठंच गेले नाहीत. त्यांची पोरं पुण्याला, "अब्बा, आता बंद करा, आराम करा," म्हणणारी. मी जाऊन पायरीवर बसलो तर ते मला म्हणाले, "आराम कशाला? मेल्यावर हायच की. पर मी बसू कुठं बे? पन्नास वर्षं ह्या स्टुलावर बसलोय. घरात मला कुठं बसावं तेच कळंना."

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "उस्ताद, मी हाय ना! सगळी पेठ जोडफोटोत घेतो. रस्ता होऊंद्या न्हाईतर आणखी काय होऊंद्या. डबा डोळ्याला लावला की तुमी तुमच्या दुकानात."

ते बघत राहिले माझ्याकडं. "वादा?"

"वादा."

आणि इथंच मी लबाडी केली. त्याच्या आदल्या वर्षी काचबिंदूनं माझा उजवा डोळा खाल्ला होता. दुखत नाही, खुपत नाही, चोरासारखा येतो तो. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येत नाही, उरलेला सांभाळा. बायको सकाळ-संध्याकाळ थेंब घालायची, दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. आंधळ्या फोटोग्राफरला लग्नाला कोण बोलावणार? कॅमेरा मी डाव्या डोळ्याला लावायला लागलो, फोटो निघतच होते. पण जोडफोटो? तो मला बघताच येत नव्हता. त्याला दोन डोळे लागतात. माझ्यापुढं डबा म्हणजे नुसता डबा. मी मनाशी म्हणालो, मी काढतो, तपासायला उस्ताद आहेतच की. त्यांचे दोन डोळे म्हणजे माझेच.

तीन आठवडे आम्ही पहाटे फटफटलं की पेठेत उभे. माणसं नकोत, गाडी नको, कुत्रं नको. मी कॅमेऱ्यामागं, उस्ताद पट्टीजवळ. खट्, फोटो. सरकवा, खट्, दुसरा. दुकानदारांना उभं केलं तर "श्वास धरा, पापणी हलवू नका" असा दम. कल्हईवाला म्हणाला, "साहेब, मयताला उभं केल्यावानी करताय की." मला हसू आलं नाही. दोन्ही फोटोंत पान हललं तरी मी जोडी फेकून देत होतो. ऐंशी-नव्वद जोड्या झाल्या, एकापेक्षा एक.

उस्तादांचं दुकान शेवटाला ठेवलं होतं. त्यांचीच इच्छा. जेसीबी पेठेच्या तोंडाशी येऊन थांबला त्या सकाळी ते स्टुलावर बसले, भिंग डोळ्याला लावलं, हातात घड्याळ घेतलं. पट्टी त्या दिवशी मीच सरकवणार होतो. पहिला फोटो घेतला. पट्टी सरकवली. तेवढ्यात गाडीवरच्या भोंग्यातून ओरडा झाला, सामान काढा, सामान काढा. उस्ताद दचकून उठले आणि अनवाणीच पायऱ्या उतरून कडेनं भोंग्याकडं गेले. माझं बोट तेवढ्यात दाबलं गेलं, चौकटीत नुसतं दुकान.

मी काय बोलावं? त्या माणसाचं दुकान पाडायला लोक आलेत आणि मी ओरडतोय, "हाललात कावून, उस्ताद! जोडी वाया घालवली की! बसा परत, बसा!"

ते परत पायरीपाशी आले. "उठलो ते उठलो बे," म्हणाले. "आता न्हाई बसवत." आणि आतली घड्याळं काढून पोत्यात भरायला लागले.

दुपारपर्यंत ओळ गेली. आवाज फार झाला नाही, ह्याचंच मला नवल वाटलं. दगड, माती, लाकूड, बस. संध्याकाळी पोरं तिथं मोबाइल लावून सरळ रस्ता कसा दिसतो त्याचे व्हिडिओ काढत होती.

फोटो मी बीडला एका ओळखीच्या लॅबमध्ये धाडले. सगळ्यांचे प्रिंट, प्रत्येकाचा एक. आले, तसे मी एका बैठकीत पुठ्ठ्यांवर चिकटवले. पहिला डावीकडं, दुसरा उजवीकडं. ढीग घेऊन उस्तादांच्या घरी गेलो. घर मागच्या गल्लीत, अंधारं. त्यांनी दाराशी उजेडात बसून एकेक पुठ्ठा डब्यात घातला. तास-दीड तास. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो.

"कसं हाय?"

"बराबर हाय."

"सगळे?"

"बराबर हाय म्हणलं ना बे."

त्यांच्या दुकानाचा पुठ्ठा मात्र मी मागंच ठेवला होता, बिघडलेला म्हणून. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं. घरी आलो, लगीनसराई तोंडावर होती, कॅमेऱ्याची मेमरी कार्डं पुसून मोकळी केली आणि लग्नांचे फोटो काढायला निघून गेलो.

लग्नं संपल्यावर एका दुपारी बायको माझ्या टेबलाशी आली. पेठेवर तिचाही जीव. कासाराकडं तिचा चुडा भरलेला. "दाखवा बरं ते," म्हणाली. मी म्हणालो, "चक्कर येईल." "येऊंद्या एकदा. कासाराचं दुकान बघते न मरते." तिनं खुर्ची धरली, डबा लावला. एक पुठ्ठा बघितला. दुसरा बघितला. तिसरा. चौथ्याला तिनं खुर्चीचा हात सोडला.

"अहो, ह्यात चक्कर येत न्हाई."

"सवय झाली असंल."

"कशाची सवय? पस्तीस वर्षांत आज बघतेय मी. साधा फोटो बघितल्यावानी दिसतंय. सपाट."

मी पुठ्ठा हातात घेतला, डाव्या फोटोच्या कडेला बघितलं, उजव्याच्या कडेला बघितलं. कासाराच्या दाराच्या चौकटीमागं एक खिळा होता. डाव्या फोटोत चौकटीपासून बोटभर. उजव्यातही बोटभर. असं होतच नाही. दोन जागांवरून बघितलं की खिळा हलायलाच पाहिजे. दुसरा पुठ्ठा घेतला, तेच. तिसरा, तेच. एकच फोटो दोन-दोन वेळा चिकटवला होता मी! हे एका डोळ्यालाही दिसलं असतं, बघितलं असतं तर. बघितलं नव्हतं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून बीड. लॅबवाला बिचारा चहा मागवायला लागला. म्हणाला, "काका, सगळे डबल डबल आले होते तुमच्याकडून. मी म्हटलं काकांकडून चुकून झालं असंल. एकेक उडवला आणि दोन-दोन कॉप्या काढल्या. प्रिंट तेवढेच भरले ना?" चांगलं करायला गेला होता. त्याच्या गळ्याला हात घालावा का पाया पडावं कळेना. पाया पडलो. म्हणालो, "बाबा, उडवलेले कुठं असतील तर शोध." तो अर्धा दिवस मशीनपुढं बसला. जुनं सगळं त्यानं कधीच साफ केलेलं. माझी कार्डं त्याच्यापुढं टाकली. त्यातून नवऱ्या निघाल्या, हळदी निघाल्या, वराती निघाल्या. पेठ निघाली नाही. मी त्या दुकानात सगळ्यांपुढं रडलो. साठी उलटलेला माणूस, लाज वाटली नाही.

परत आलो तो थेट पेठेत. कॅमेरा तिवईवर लावला, पट्टी बसवली, तिन्ही पायऱ्या होत्या त्या जागेवर धरला. तिथं डांबर होतं. एक टेम्पोवाला हॉर्न देत होता, "ओ काका, मरायचंय का?" मी पट्टी सरकवली, परत सरकवली. कशाचा फोटो काढत होतो ते माझं मला ठाऊक नाही. बायकोनं येऊन हाताला धरून घरी नेलं.

घरी तिनंच डोकं चालवलं. "सगळे पुठ्ठे बघितले का तुमी?"

"काय बघू? मला दिसतंय होय?"

"मला दिसतंय ना. आणा इकडं."

ती पलंगावर बसली आणि एकेक पुठ्ठा लावायला लागली. कधी नव्हे ते मी देवाला हात जोडले की बाबा, माझ्या बायकोला चक्कर येऊ दे. कल्हईवाला, नाही. अत्तरवाले, नाही. मारुतीचा पार, नाही. दर वेळी ती डबा खाली घ्यायची आणि मान हलवायची. ढीग संपला. मग मी ड्रॉवरमधून तो बिघडलेला काढला. तिनं लावला आणि दुसऱ्या क्षणाला पलंगाची कड धरली.

"अगं आई गं! आलं गरगरायला! पायऱ्या बघा कशा अंगावर आल्यात!" मग थबकली. "आन उस्ताद… हायत बी आन न्हाईत बी. भुतावानी लुकलुकतायत."

तेव्हा ट्यूब पेटली. पहिल्या फोटोत माणूस होता, दुसऱ्यात नव्हता, म्हणून लॅबवाल्याला ती जोडी डबल वाटली नाही. ज्या जोडीसाठी मी त्या माणसाला त्याच्या पडत्या दुकानापुढं झापलं होतं, तेवढी एकच वाचली होती.

ती घेऊन उस्तादांकडं गेलो. आनंदानं नाही, रागानं. आता आठवलं की जीव जळतो. दारातूनच सुरू झालो. "उस्ताद, सगळे फोटो सपाट हायत! सगळे! तुमी तास-दीड तास बघितलं आन बराबर हाय म्हणलात! तुमच्या एका शब्दावर मी कार्डं पुसली! काय बघत होतात? पेठ गेली, उस्ताद, दुसऱ्यांदा गेली, आन ती तुमी घालवली!"

ते खाटेवर बसले होते. चष्मा काढला, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"आता तू माझ्यापुढं हायस का न्हाईस, मला ठावं न्हाई," म्हणाले. "आठ वर्षाचा होतो. विटी लागली. वरून चांगला दिसतो डावा, आत काई न्हाई. घड्याळाला एकच डोळा लागतो बे. दुसरा मिटावाच लागतो. कुणाला कळलंच न्हाई."

म्हणजे तो पूल, तो बुरूज, तो लिंब. तीस-पस्तीस वर्षं सगळं ह्यांनी माझ्या तोंडून बघितलं होतं. "मग आजवर बराबर हाय, बराबर हाय…"

"तू बराबर करायचास म्हणून. तुझे डोळे चांगले होते." त्यांनी हात खाली घेतला. "ते बी गेल्या साली तू कॅमेरा डावीकडं लावायला लागलास तवा मला कळलं, उजवा गेला म्हणून. मी घड्याळजी हाय. बारीक गोष्ट दिसती मला."

"कळलं तर बोलला कावून न्हाईत?"

"कोणत्या तोंडानं बोलू? मंग तू इचारला असतास, उस्ताद, तुमाला तरी दिसतंय का?"

कुणी कुणाला शिवी दिली नाही, द्यायला पाहिजे होती. मग त्यांनीच हात पुढं केला. "माझं दुकान दाखव. वादा हाय तुझा."

मी पुठ्ठा डब्यात घातला. त्यांनी दारातल्या उजेडाकडं तोंड करून डबा डोळ्याला लावला. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "दुकान हाय," म्हणाले. "घड्याळं हायत. स्टूल हाय." थोडं थांबून, "मी कुठं हाय बे?"

बरोबरच होतं. ते होते डाव्या फोटोत आणि त्यांचा डोळा होता उजवा. उजव्या डोळ्याला उजवा फोटो, म्हणजे उठून गेल्यानंतरचं दुकान. मी डबा घेऊन बघितला. माझा डोळा डावा. मला ते स्टुलावर बसलेले दिसत होते, भिंग लावून, मान खाली. पन्नास वर्षं बसायचे तसे. मी ज्याला त्याच्या दुकानात बसवायचा शब्द दिला होता त्याला रिकामं दुकान दिसत होतं आणि तो मला एकट्याला दिसत होता.

मी त्यांच्याच कात्रीनं पुठ्ठा मधून कापला. डावा फोटो उजव्या खाचेत घातला, उजवा डाव्या. ह्या कामातली ही सगळ्यात मोठी चूक, दोन डोळ्यांच्या माणसाला त्यात लांबचं जवळ आणि जवळचं लांब दिसतं. कुणी शिकाऊ माणसानं केली असती तर मी त्याच्या डोक्यात पट्टी हाणली असती.

उस्तादांनी डबा परत लावला. मी वाट बघत होतो. मग ते हळूच हसले.

"पायरीवर माझ्या चपला बी हायत बे. ते घड्याळ कुणाचं होतं हातात… अत्तरवाल्याचं. द्यायचं राहिलं की त्याचं." आणि डबा तसाच डोळ्याला धरून ते खाटेवर जरा सरकून, पाय जुळवून, पाठ वाकवून बसले. स्टुलावर बसायचे तसे.

अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी डबा माझ्या हातात दिला. निघता निघता मी एकदा डोळ्याला लावला. तीन पायऱ्या होत्या. घड्याळं होती, चपला होत्या. स्टूल रिकामं होतं.